वस्तादांच्या पटकथेबद्दल, ‘इप मॅन’च्या निमित्ताने

प्रिय पोरी,

तुझी वस्तादांवरची पटकथा वाचून झाली. तालमीतली पहाट, हौद्यातली माती, पोरांच्या जोर-बैठका, हे सगळं तू आतून लिहिलं आहेस. मध्यंतरानंतरची इंग्रज कलेक्टरच्या मल्लाशी होणारी कुस्ती मात्र मला खटकली. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहितेस की ती घडलेली नाही, पण सिनेमाला शत्रू लागतो. आणि दाखला ‘इप मॅन’चा देतेस. हा चित्रपट मला फार प्रिय आहे, म्हणून त्याच्याबद्दलच जरा सविस्तर लिहिते.

विंग चुन या चिनी युद्धकलेचे गुरू, ब्रूस लीला शिकवणारे इप मॅन, यांच्यावरचा विल्सन यिप यांचा हा चित्रपट २००८ साली आला. पुढच्या वर्षी हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्समध्ये तोच सर्वोत्कृष्ट ठरला. जपानी जनरल मिउराशी जाहीर झुंज, मग गोळी लागणं, मग हाँगकाँगला निसटणं, असा त्याचा शेवट आहे. इप मॅन यांच्या आयुष्यात यातलं काही घडलं नव्हतं. १९३८ मध्ये जपान्यांनी फोशान, म्हणजे इप मॅन यांचं दक्षिण चीनमधलं गाव, घेतलं हे खरं, पण मिउरा हे रचलेलं पात्र. युद्ध संपल्यावर इप मॅन फोशानमध्येच पोलीस खात्यात होते आणि १९४९ मध्ये, कम्युनिस्टांचा विजय झाल्यावर, हाँगकाँगला गेले.

तरीही चित्रपट पकड सोडत नाही, आणि त्याचं श्रेय मिउराला देऊ नकोस. तो प्रसंग पुन्हा बघ: उत्तरेकडून आलेला लढवय्या जिन शानझाओ गावातल्या युद्धकलेच्या मास्तरांना लोळवून इप मॅनच्या घरात घुसतो. बायकोला नवऱ्याचं हे लढणं मुळीच पसंत नाही. तिची अट एकच, माझं सामान फुटता कामा नये. थोड्या वेळाने छोटा मुलगा तीनचाकी सायकलवरून येतो आणि निरोप देतो की आई म्हणते, तुम्ही हात उचलला नाहीत तर घरातलं सगळं फुटेल. मग समोरच्याच्या हातात तलवार आणि इप मॅनच्या हातात धूळ झटकायचा पिसांचा झाडू! इप मॅन झालेल्या डॉनी येनचा चेहरा त्या वेळी किती शांत आहे बघ. सभ्यता, कसब आणि घरातली बायकोची सत्ता, तिन्ही गोष्टी त्या एका झटापटीत कळतात, एकही भाषण न होता.

आता दहा कराटेवाल्यांचा प्रसंग त्याच्यासमोर ठेव. जपानी अंमलात भुकेले चिनी मास्तर तांदळाच्या पिशवीसाठी लढताहेत. ओळखीच्या मास्तरांना डोळ्यांदेखत गोळी घातली जाते आणि इप मॅन म्हणतो, मला दहा जण हवेत. विंग चुन तीच आहे. कोपर अंगाजवळ, मध्यरेषेवर एकामागून एक ठोसे. पण झाडूच्या वेळी जो हात वेळेवर थांबत होता तो आता थांबत नाही, हाडं मोडत जातो. झुंजींची आखणी सामो हंग आणि टोनी लिआंग सिउ-हंग यांची. त्यांनी त्याचं दुःख हातांच्या वेगात दाखवलं, आणि पटकथेनं तिथे गप्प राहायचं भान ठेवलं. तुझ्या वस्तादांचा एकच डाव पहिल्या भागात आणि शेवटच्या भागात वेगळा दिसतो का? मला तो सगळीकडे सारखाच दिसला.

रचलेलं सगळंच खोटं असतं असं मी म्हणत नाही. युद्धाआधी चित्रपटातला इप मॅन शिष्य घेत नाही. पुढे हाल सुरू झाल्यावर सूतगिरणीच्या कामगारांना शिकवतो. गिरणीचे तपशील रचलेले असतील, वळण मात्र खरं आहे. श्रीमंत घरातल्या या माणसाला शिकवून पोट भरायची गरज युद्धाआधी नव्हती. हाँगकाँगमध्ये हात रिकामे झाले, तेव्हा १९५० मध्ये शाम शुई पो भागातल्या हॉटेल कामगारांच्या युनियनमध्ये त्यांनी वर्ग सुरू केला. ब्रूस ली त्यांच्याकडे आला तो त्यानंतर. म्हणजे लेखकांनी गाव आणि साल बदललं, पण माणूस ज्या कारणानं बदलला ते कारण जपलं. अशी मोकळीक तू हवी तेवढी घे.

मिउराचं तसं नाही. तो आला की इप मॅन कुठल्याही देशभक्त नायकासारखा होतो आणि खरं दुःख पडद्याबाहेर राहतं. पत्नी चेउंग विंग-सिंग फोशानला राहिल्या, चीन आणि हाँगकाँगमधली सीमा बंद झाली, आणि १९६० मध्ये त्या तिकडेच वारल्या. इप चुन आणि इप चिंग हे मुलगे १९६२ मध्ये वडिलांकडे पोचले. पुढे मालिकेच्या तिसऱ्या भागात पत्नी हाँगकाँगमध्ये नवऱ्याच्या सोबतीने अखेरचा आजार काढताना दिसते. ते प्रसंग सुंदर आहेत, माझे डोळे भरून आले होते. पण दहा जणांना आडवं करणारा माणूस एका सीमेपुढे काहीच करू शकत नाही, हा चित्रपट अजून कुणीतरी करायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक बघ. १९७२ मध्ये, मृत्यूच्या थोडे दिवस आधी, आजारी इप मॅन यांचं लाकडी पुतळ्यावरच्या सरावाचं चित्रण करून ठेवलं गेलं. ते मिळवून पाहा. देह खंगलेला आहे, हात मात्र जागेवर पडतात. वस्तादांच्या म्हातारपणाची तुझी शेवटची पानं लिहिण्याआधी ते पाहिलंस तर बरं.

आता तुझ्या वस्तादीणबाई. अख्ख्या पटकथेत त्यांच्या वाट्याला दुधाचा तांब्या पुढे करण्यापलीकडे काही नाही. पोरांच्या दूध-बदामाचा खर्च कुठून निघत होता? घरातली पोरं आणि तालमीतली पोरं यांत आधी कुणाच्या ताटात वाढलं जायचं? बाईंना ओळखणारी माणसं गावात अजून असतील, त्यांच्याकडे जाऊन बस. नवरा-बायकोमधला खुराकावरून होणारा एक प्रवेश लिही, भांडण झालं तर होऊ दे. तो झाला की पाठव. कलेक्टरच्या मल्लाचं काय करायचं ते मग बसून ठरवू.

तुझी,
मावशी