टीव्ही विकू नका, शेजारी बसा

ताई, नमस्कार.

आम्ही कोपरखैरण्यात राहतो. मी ऐरोलीला आयटी कंपनीत आहे, सकाळी साडेआठला बाहेर पडते ती संध्याकाळी सातला घरी. मिस्टर तळोज्याला कंपनीत, सेकंड शिफ्टला. सासरे एपीएमसीत माथाडी होते, आता ते जास्त गावीच असतात, साताऱ्याकडे. लेक साडेतीन वर्षांची, दिवसभर सासूबाईंजवळ. येत्या जूनला ज्युनियर केजी.

घरात सकाळपासून टीव्ही चालू असतो. यूट्यूबवर राईम्स, एबीसीडी, रंग, प्राणी. लेक एक ते पन्नास म्हणते, रंगांची नावं इंग्रजीत सांगते. सासूबाई आल्यागेल्यासमोर तिला म्हणून दाखवायला लावतात. पण गेल्या महिन्यात सेक्टरमधल्या एका प्लेग्रुपमध्ये दोन दिवस बसवून पाहिलं. बाईंनी नाव विचारलं, पाणी हवं का विचारलं, हिने तोंडच उघडलं नाही. कपडे ओले केले पण सांगितलं नाही. घरी आजीशी मात्र अखंड बडबड असते.

टीव्ही बंद करा म्हटलं की सासूबाई म्हणतात, "टीव्हीनंच शिकवलंय तिला, तू कधी शिकवलंस?" हे फार लागलं. घणसोलीच्या जाऊबाईंनी घरातला टीव्हीच काढून टाकला. त्यांचा मुलगा यंदा पहिलीत गेला, मराठी-इंग्रजी घडाघडा वाचतो. मीही टीव्ही विकून टाकू का? की टीव्हीवर शाळेची तयारी खरंच होते?

– एक आई, कोपरखैरणे

---

सासूबाईंचं ते वाक्य लागणारच. त्याच्याकडे येते. आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते सोपं आहे. हो, होते.

अमेरिकेत १० नोव्हेंबर १९६९ ला 'सेसमी स्ट्रीट' हा मुलांचा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला तो नेमका याच कामासाठी. गरीब घरांतल्या, बालवाडीचं तोंड न पाहिलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांना टीव्हीवरून शाळेसाठी तयार करता येईल का, हा प्रश्न घेऊन जोन गँझ कूनी आणि त्यांचे सहकारी बसले. त्यांनी मेहनत किती घ्यावी? मुलांना टीव्हीसमोर बसवायचं, बाजूला दुसरा पडदा लावायचा आणि त्याच्यावर दर साडेसात सेकंदांनी नवं चित्र दाखवायचं. मुलाची नजर तिकडे वळली की समजायचं, कार्यक्रमाचा हा तुकडा पकड घेत नाही. पहिल्या वर्षाच्या शेवटी स्वतंत्र संस्थेकडून तपासणी झाली. जी मुलं जास्त वेळा बघत होती, ती जास्त शिकली होती. पुढे २०१९ मध्ये मेलिसा कर्नी आणि फिलिप लेव्हाइन या अर्थतज्ज्ञांनी जुनी आकडेवारी धुंडाळून दाखवलं की ज्या भागांत त्या वेळी हा कार्यक्रम नीट दिसत होता, तिथली मुलं शाळेत मागच्या वर्गात रेंगाळण्याचं प्रमाण कमी होतं. आपल्याकडे त्याचंच भावंड 'गली गली सिम सिम' २००६ मध्ये आलं.

तेव्हा सासूबाई अगदीच चुकीचं बोलत नाहीत. रंग आणि आकडे टीव्हीनंच शिकवले आहेत, हे मान्य करून टाका. त्यांच्यासमोर मान्य केलंत तर आणखी बरं.

पण त्याच पहिल्या तपासणीत आणखी एक गोष्ट दिसली होती. सगळ्यात जास्त शिकलेल्या मुलांच्या आया पुष्कळदा शेजारी बसून कार्यक्रम बघत आणि त्याबद्दल मुलांशी बोलत. कार्यक्रम करणाऱ्यांना हे हवंच होतं. म्हणून तर मोठ्यांना हसू येईल असे विनोद आणि नावाजलेले पाहुणे त्यात मुद्दाम घातले होते, म्हणजे आई उठून जाऊ नये. तुमच्या घरी नेमकी ही शेजारची जागा रिकामी आहे.

आता यूट्यूबवरची ती गाणी एकदा नीट बघा. पडद्यावरचा प्राणी विचारतो, "व्हॉट कलर इज धिस?" आणि दोन सेकंदांत स्वतःच ओरडतो, "रेड!" लेकीनं उत्तर दिलं काय, न दिलं काय, गाडी पुढे जाते. दिवसातून शंभर वेळा तिला प्रश्न ऐकू येतो आणि शंभर वेळा तिच्यावाचून उत्तर येतं. मग प्लेग्रुपच्या बाईंनी नाव विचारलं तेव्हा ती गप्प राहिली, याचं मला नवल वाटत नाही. अनोळखी जागा, अनोळखी बाई हे तर आहेच. पण माझा अंदाज असा की तिला वाटलं असेल, उत्तर येईल आपोआप. आजी घरी तेच करते. लेकीनं पाय एकमेकांवर दाबले की आजी उचलून बाथरूमकडे धावते. सांगायची वेळच येत नाही, तर सांगायला शिकणार कशी?

एक ते पन्नासचंही तसंच आहे. संध्याकाळी तिला सांगून बघा, "टोपलीतले तीन बटाटे आण." तीनच आणले तर तिला तीन येतात. ओंजळभर आणले तर तिला पन्नासपर्यंतचं गाणं येतं. त्यातही वाईट काही नाही, गाणं आधी येतं आणि मोजणं मागून येतं. पण मागून येण्यासाठी बटाटे लागतात.

म्हणून टीव्ही ठेवा, त्याची वेळ कापा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसून पडदा बघण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली आहे, आणि कमी तितकं चांगलं असंही म्हटलं आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन ते पाच वर्षांसाठी एक तासच म्हणते, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. तुमच्या घरी मी अर्ध्या तासापासून सुरुवात करीन. एका वेळी एकच कार्यक्रम. ज्यात गोष्ट आहे, चित्रं दर सेकंदाला उड्या मारत नाहीत, आणि प्रश्न विचारल्यावर पात्रं थांबतात, तो निवडा. मराठी मिळाला तर फारच छान, कारण लेकीला घरात बोलायचं आहे ते मराठीतच. आणि तोच भाग आठवडाभर पुन्हा पुन्हा लावा. आपल्याला कंटाळा येईल, तिला येणार नाही. अमेरिकेत 'ब्लूज क्लूज' हा कार्यक्रम लागोपाठ पाच दिवस एकच भाग दाखवायचा, आणि मुलं पाचव्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा जास्त ओरडून उत्तरं द्यायची. प्रश्न आला की रिमोटवर पॉज दाबा. तिचं उत्तर येऊ द्या, मग पुढे.

ऑटोप्ले मात्र आजच बंद करा. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि निम्मं भांडण मिटवणारं आहे. तुमच्या लहानपणी सह्याद्रीवर बालचित्रवाणीचे कार्यक्रम लागायचे, आठवतात का? पुण्याची ती संस्था १९८४ मध्ये सुरू झाली आणि २०१७ मध्ये बंद पडली. बंद पडली याची हळहळ मला अजून वाटते. त्या कार्यक्रमांचा मोठा गुण म्हणजे ते ठरल्या वेळी संपायचे. संपले की मूल उठून बाहेर जायचं, कुणाला "बंद कर" म्हणावं लागत नसे. यूट्यूब संपत नाही, म्हणून रोज कुणीतरी खलनायक व्हावं लागतं, आणि ते तुमच्या वाट्याला आलं आहे.

आता सासूबाई. त्यांचं वाक्य मी असं वाचते: साडेदहा तास मी सांभाळते, आणि सातला येऊन तू माझी चूक काढतेस. साठीच्या आसपासच्या बाईनं साडेतीन वर्षांच्या मुलीमागे दिवसभर धावायचं, स्वयंपाक करायचा, दुपारी पाठ टेकायचीसुद्धा सोय नाही. टीव्ही हा त्यांचा मदतनीस आहे. तो काढून घ्यायचा असेल तर बदल्यात काहीतरी द्यावं लागेल. नुसतं "बंद करा" म्हणणं अन्यायाचं आहे. एखादी जवळची बालवाडी किंवा अंगणवाडी दोन-तीन तासांची असेल तर आत्ताच सुरू करा, जूनची वाट बघू नका. तेवढ्या वेळात सासूबाईंना त्यांची मालिका निवांत बघू दे. त्यांचा टीव्ही बंद करायला मी सांगत नाहीये. मात्र लेक खोलीत खेळत असताना कुणीच बघत नसलेला टीव्ही मागे बडबडत असतो ना, तो बंद हवा. त्यानं मुलांचा खेळ तुटतो आणि मोठ्यांचं त्यांच्याशी बोलणंही कमी होतं.

आणि त्यांना शिकवायला जाऊ नका, त्यांना विचारा. "आई, आज टीव्हीत पाच आलं होतं, उद्या मटार सोलताना तिच्याकडून पाच-पाचचे ढीग करून घ्याल का?" साताऱ्याकडच्या घरातली बाई आहे, भाजी निवडणं, शेंगा फोडणं, कणीक मळणं तिच्या हातात आहे. पेन्सिल धरायला लागणारी बोटांची ताकद यातूनच येते. चारशे-पाचशे रुपयांची किट आणून घर भरू नका. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये असलेल्या बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बालवाडी चालवली ती पानं, बिया, शंख-शिंपल्यांवर. मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तुमच्याकडे तर आजी आणि मटार दोन्ही घरातच आहेत.

पत्रात मिस्टरांबद्दल एकच वाक्य आहे. तळोजा, सेकंड शिफ्ट. म्हणजे दुपारी दीड-दोनपर्यंत ते घरात असतात! रात्री उशिरा येतात, त्यांची झोप झालीच पाहिजे, पण सकाळी दहानंतरचा अर्धा तास त्यांचा आहे. टीव्हीशेजारची ती रिकामी जागा त्यांचीच आहे असं मला वाटतं. रिमोट त्यांच्या हातात, पॉज त्यांनी दाबायचा, आणि ऑटोप्लेबद्दल आईशी बोलायचं तेही त्यांनीच. सुनेनं सांगितलं की तो टोमणा होतो, मुलानं सांगितलं की ती काळजी होते. हे योग्य आहे असं मी म्हणत नाही, पण आपल्या घरांमध्ये आजही असंच चालतं. तुम्ही संध्याकाळी रात्रीच्या जेवणापर्यंत टीव्हीकडे वळूच नका. सातला आल्यावर तिला विचारा, "आज त्या कार्यक्रमात काय झालं गं?" आणि खरंच माहीत नसल्यासारखं ऐका. तुम्ही तो बघितलेला नसल्यामुळे तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. तुम्ही दिवसभर घरी नसता याचा हा एक फायदाच आहे.

ज्युनियर केजीच्या बाईंना एक ते पन्नास नको असतात. "बाई, शू लागली" हे सांगता यावं, डबा उघडता यावा, चप्पल डावी-उजवी कळावी, आपला नंबर येईपर्यंत थांबता यावं, छोटी गोष्ट शेवटपर्यंत ऐकता यावी. इंग्रजी माध्यम असलं तरी शू चं वाक्य मराठीतच पाठ करून घ्या, नवी मुंबईतल्या बाईंना ते समजतं. दहा रुपये हातात देऊन किराणा दुकानात तिलाच बिस्किटं मागू द्या, तुम्ही मागे उभं राहा आणि मध्ये बोलू नका. राज्यात २०२२ पासून पहिलीच्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. तिथेही मुलांना उड्या मारायला लावतात, चित्राबद्दल बोलायला लावतात, वस्तूंची वर्गवारी करायला लावतात. आणि पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात. तुमच्याकडे अजून बराच वेळ आहे.

एक तपासून घ्या. आजीशी ती अखंड बडबडते म्हणता, ती वाक्यांत बोलते ना? "मला दूध हवंय, गरम नको" असं? हाक मारली की वळते, डोळ्यांत बघून बोलते? मग काळजी नाही. पण बडबड म्हणजे गाण्यांच्या ओळीच असतील, किंवा ऐकू कमी येतं अशी शंका असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानांची तपासणी करून घ्या. जूनपर्यंत थांबू नका.

राहिल्या जाऊबाई. त्यांचा मुलगा पहिलीत आहे, म्हणजे सहा वर्षांचा. तुमची साडेतीन. तो वाचतो यात टीव्ही नसण्याचा वाटा किती आणि अडीच वर्षं मोठं असण्याचा किती, हे तुम्हीच बघा. दिवाळीच्या सुट्टीत त्याला चार दिवस कोपरखैरण्याला बोलवून घ्या. नुकतीच शाळा लागलेली मुलं शाळा-शाळा फार मन लावून खेळतात. बाई तोच होईल, आणि उत्तर मिळाल्याशिवाय तो तिला सोडणार नाही.