पोरगा १५ चा, रेसिंग शिकायचंय म्हणतोय? आधी कार्ट
दादा, घरची कार सध्या त्याच्या हातात देऊच नका, सोसायटीच्या गल्लीत पण नाही. कारचं लायसन १८ ला, आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून पोरगं सापडलं तर पालकाला २५ हजार दंड अन् ३ वर्षांपर्यंत जेल होऊ शकते.

गो-कार्टिंगला घाला; कार्ट म्हणजे ट्रॅकवर चालवायची छोटी, बुटकी, उघडी रेसिंगची गाडी. भाड्याच्या कार्टला गिअर नसतो, डाव्या पायाला ब्रेक, उजव्याला अ‍ॅक्सिलरेटर, बास. सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- ब्रेक सरळ असतानाच मारायचा, मग वळायचं. कार्टचा ब्रेक बहुतेक मागच्याच चाकांना असतो, त्यामुळे वळणात घुसून दाबला की गरकन फिरते, सगळी पोरं हेच करतात.
- नजर पुढच्या वळणावर, समोरच्याच्या बंपरवर नाही.
- स्टिअरिंग हलकं धरायचं. माझ्या पोरीने पहिल्या दिवशी इतकं आवळलं की तळहाताला फोड आले.

लांब केस, हुडीची दोरी हेल्मेट-सूटच्या आत, यात हयगय नको.

रेसिंग लाइन (वळणातून सगळ्यात वेगात जायचा मार्ग), ओव्हरटेकिंग नंतर बघू. आणि लॅप टाइम विचारू नका हो! मी स्टॉपवॉच घेऊन जाळीला चिकटून ओरडायचो, तिसऱ्या रविवारी पोरगी म्हणाली, बाबा तुम्ही कँटीनमध्ये बसा. बसलो, तेव्हापासून तिची कार्ट गरकन फिरणं निम्म्यावर आलं.