प्रोजेक्ट मॅनेजर निवडताना मुलाखतीत काय विचारावे?

प्रश्न : आमची पुण्यात साधारण साठ माणसांची सॉफ्टवेअर कंपनी असून आम्ही प्रामुख्याने सहकारी पतसंस्थांचे काम करतो. यापूर्वी आम्ही दोन प्रोजेक्ट मॅनेजर नेमले. दोघांकडेही पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) हे प्रकल्प व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र होते आणि दोघेही मुलाखतीत छाप पाडून गेले. पहिल्याच्या काळात टीममधील चांगली माणसे नोकरी सोडून गेली. दुसऱ्याच्या साप्ताहिक अहवालात अखेरपर्यंत ‘काम वेळापत्रकानुसार सुरू’ असेच येत राहिले आणि गो-लाइव्हच्या, म्हणजे नवी प्रणाली प्रत्यक्ष वापरात आणण्याच्या, तोंडावर कळले की जुन्या खात्यांची माहिती नव्या प्रणालीत नेण्याचे काम निम्मेही झालेले नाही. आता पुन्हा मुलाखती घ्यायच्या आहेत. प्रमाणपत्राला किती वजन द्यावे, उमेदवाराला कोडिंग यायला हवे का आणि नेमके काय विचारावे?
— एक संचालक, पुणे

उत्तर : आपल्या पत्रातील साप्ताहिक अहवालाचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वेळापत्रक आखणे, बैठका घेणे, खर्चाचा हिशेब ठेवणे ही कामे शिकता आणि शिकवता येतात. परंतु काम घसरते आहे हे वेळेत ओळखणे आणि सावरण्याइतका अवधी हाताशी असतानाच ते क्लायंटला व आपल्या वरिष्ठांना स्पष्ट शब्दांत सांगणे, हा या पदाचा गाभा आहे. आपली मुलाखत याच गुणाचा शोध घेण्यासाठी बेतलेली असावी.

पीएमपी परीक्षेला बसण्यासाठी चार वर्षांची पदवी असलेल्या उमेदवाराला प्रकल्प हाताळण्याचा तीन वर्षांचा अनुभव आणि ३५ तासांचे प्रशिक्षण दाखवावे लागते. त्यामुळे हे प्रमाणपत्र अभ्यासाची खूण म्हणून आदरास पात्र आहे. मात्र अडचणीच्या वेळी तो माणूस खरे बोलेल की नाही, हे त्यावरून कळत नाही. ते असल्यास त्याची नोंद घ्यावी, पण केवळ ते नाही म्हणून कोणाचा अर्ज बाजूला ठेवू नये. अनुभवाच्या वर्षांचेही तसेच आहे. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडपद्धतींवरील जुन्या संशोधनाची फेरतपासणी प्रसिद्ध केली. निवडीच्या वेळचा अंदाज आणि पुढची प्रत्यक्ष कामगिरी यांच्यातील संबंध त्यांनी तपासला (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध). सर्वांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणाऱ्या मुलाखतीसाठी हा संबंध सरासरी ०.४२ निघाला, मोकळ्या गप्पांच्या धर्तीवरील मुलाखतीसाठी ०.१९ आणि अनुभवाच्या वर्षांसाठी केवळ ०.०७. म्हणून प्रश्न आधी लिहून काढावेत, चांगले उत्तर कशाला म्हणायचे ते उमेदवार समोर येण्यापूर्वीच ठरवावे आणि पॅनेलमधील प्रत्येकाने आपले गुण आपापसांत चर्चा होण्याआधी कागदावर उतरवावेत. ही शेवटची गोष्ट विशेष कटाक्षाने पाळावी, कारण संचालकांनी ‘मला आवडला’ असे एकदा म्हटले की बाकीच्यांचे मत तेथेच थांबते.

पहिला प्रश्न मी असा विचारेन : “आपला एखादा प्रकल्प उशिरा पूर्ण होणार हे आपल्याला प्रथम कधी जाणवले, क्लायंटला ते कधी सांगितले आणि मधल्या काळात आपण काय केले?” या दोन तारखांमधील अंतर लक्षपूर्वक ऐकावे. ज्याने हे खरोखर अनुभवले आहे त्याला तपशील आठवतात : कोणता भाग अडला होता, कोणी प्रथम शंका काढली, क्लायंट काय म्हणाला, कोणते काम पुढे ढकलले. ज्याच्याकडे असा अनुभव नाही, तो ‘नियमित संवाद’, ‘योग्य नियोजन’ अशा सर्वसाधारण शब्दांत फिरत राहतो. येथे एक सावधगिरी हवी. आपल्याकडे यशाचे श्रेय सांगताना ‘आम्ही’ म्हणण्याची रीत आहे आणि ती चांगली आहे. त्यावरून उमेदवाराने स्वतः काही केले नाही असा निष्कर्ष काढू नये. “यातील कोणता निर्णय आपला होता?” असे नम्रपणे विचारले की चित्र स्पष्ट होते.

दुसरा भाग प्रत्यक्ष कामाचा ठेवावा. आपल्याच एखाद्या पतसंस्थेच्या कामाची, नावे बदललेली योजना उमेदवाराच्या हाती द्यावी आणि पाऊण तास द्यावा. योजनेत काही दोष मुद्दाम राहू द्यावेत : एकच डेव्हलपर एकाच आठवड्यात तीन ठिकाणी गुंतलेला आहे, जुनी आणि नवी प्रणाली काही दिवस समांतर चालवण्याची तरतूद नाही आणि गो-लाइव्ह मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ठेवले आहे. ३१ मार्चपूर्वी पतसंस्थेचे सगळे कर्मचारी वसुलीत आणि वर्षअखेरच्या हिशेबात बुडालेले असतात, त्यामुळे नवी प्रणाली तपासून पाहायला तेथे कोणालाही सवड नसते. उमेदवाराला पतसंस्थेचा व्यवहार ठाऊक नसेल, तर हा शेवटचा दोष त्याला स्वतःहून दिसणार नाही आणि त्याबद्दल गुण कापू नयेत, मात्र “या काळात तेथील लोकांना वेळ असतो का?” असा प्रश्न त्याने विचारला, तर त्याचे गुण अवश्य वाढवावेत.

कोडिंगविषयी माझे मत असे की त्याला कोड लिहिता आलाच पाहिजे असे नाही, पण डेव्हलपरने दिलेला अंदाज कशाच्या आधारावर उभा आहे हे विचारता आले पाहिजे. आपल्या डेव्हलपरला एक तांत्रिक अडचण समजावून सांगायला लावावी आणि तीच अडचण उमेदवाराने पतसंस्थेच्या व्यवस्थापकाला सांगावी तशी मांडावी. त्याला ती किती समजली हे त्यातून दिसेल. आयबीएमच्या ओएस/३६० प्रणालीचे काम पाहिलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये असे मांडले की रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर माणसे वाढवल्यास तो आणखी रखडतो. हा नियम अनेकांना पाठ असतो. म्हणून “मी आपल्याला आज दोन जादा डेव्हलपर दिले तर घ्याल का?” असे विचारावे आणि नव्यांना काम कोण शिकवेल, तोवर त्या शिकवणाऱ्याचे काम कोण करील, याचा विचार उत्तरात आहे का ते पाहावे.

पहिल्या मॅनेजरच्या काळात माणसे गेली असल्याने, नव्या मॅनेजरच्या हाताखाली काम करणार असलेला एखादा डेव्हलपर किंवा टेस्टर पॅनेलवर घ्यावा आणि त्याच्या गुणांना पूर्ण वजन द्यावे. संमती घेऊन उमेदवाराच्या जुन्या टीममधील कोणाशी तरी बोलावे. सध्याच्या कार्यालयात मात्र परस्पर चौकशी करू नये, कारण त्यात त्याची चालू नोकरी धोक्यात येऊ शकते. आयटीत नोटीस पिरियड अनेकदा ९० दिवसांचा असतो, तेव्हा घाईने होकार देऊन फारसा वेळ वाचत नाही.

प्रश्न : मी नाशिकमध्ये टेस्ट लीड (सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टीमची प्रमुख) आहे आणि प्रोजेक्ट मॅनेजर पदासाठी मुलाखती देत आहे. घरी लहान मूल असताना रात्रीचे कॉल कसे घेणार, असे मला विचारले जाते. माझ्यासोबतच्या पुरुष सहकाऱ्यांना हा प्रश्न कोणीच विचारत नाही. काय उत्तर द्यावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हा प्रश्न अन्यायकारक आहे. १९७६ च्या समान वेतन कायद्यानेच भरतीत स्त्री-पुरुष भेद करण्यास मनाई केली होती, तेव्हा हा केवळ सौजन्याचा मुद्दा नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ वाजलेले असतात. अशा वेळी कॉल घ्यावे लागतील का, हे विचारण्याचा कंपनीला अधिकार आहे, पण तो प्रश्न प्रत्येक उमेदवाराला विचारला पाहिजे. आपण घराचा तपशील न देता उत्तर कामाकडे वळवावे : “आठवड्यातून किती कॉल आणि किती वाजता, हे सांगितल्यास ते मला जमेल की नाही हे मी आत्ताच स्पष्ट सांगते.” त्यानंतर टेस्ट लीड म्हणून आपण एखादे रिलीज का थांबवले आणि त्याचे कारण क्लायंटपुढे कसे मांडले, ते सविस्तर सांगावे. या पदासाठी आपल्याकडे असलेला तो सर्वांत भक्कम पुरावा आहे, आणि पदनाम वेगळे होते म्हणून त्याचे मोल कमी होत नाही.