एपिलेप्सीत पीएचडी करायला जर्मनीला यायचंय? आधी लॅबला हे विचार

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बेलापूरला फार्माकॉलॉजीत एम.फार्म. संपत आलंय, महापेच्या एका सीआरओत (कंपन्यांसाठी औषधांच्या चाचण्या करून देणाऱ्या संस्थेत) नोकरी मिळतेय, पण मन एपिलेप्सीच्या, म्हणजे फिट्सच्या आजाराच्या, संशोधनात आहे. तर नोकरी सोडून जर्मनीत पीएचडीला यावं का? मी मूळची ठाण्याची, नौपाड्यातली. सध्या बॉनला याच विषयात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

देश कुठला, ते नंतर. ती लॅब कुठलं मॉडेल वापरते, म्हणजे प्राण्यांत फिट्स कशा आणते, ते आधी बघ. एमईएस (विजेचा झटका) आणि पीटीझेड (फिट आणणारं रसायन) या दोन चाचण्या तू परीक्षेसाठी घोकल्या असशीलच. १९३८ मध्ये मेरिट आणि पुटनम यांनी मांजरांना विजेचे झटके देऊन फेनिटॉइन या औषधाचा गुण दाखवला. आपल्या केमिस्टकडची एप्टॉइन ती हीच. पुढे कित्येक दशकं नवी औषधं बहुतेक याच दोन चाळण्यांतून गेली. लेव्हेटिरासिटाम मात्र दोन्हींत सपशेल नापास! किंडलिंग केलेल्या (पुन्हापुन्हा हलके झटके देऊन फिट्सची सवय लावलेल्या) उंदरांत ते चाललं म्हणून तरलं. अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली १९९९ मध्ये, आणि ते एसव्ही२ए या प्रोटीनला चिकटतं हे कळलं २००४ मध्ये. तोवर रुग्ण गोळ्या घेतच होते. म्हणजे जशी चाळणी, तसं औषध हाती लागणार. आज वीसहून जास्त औषधं आहेत, तरी साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या फिट्स आटोक्यात येत नाहीत. आणि डोक्याला मार लागल्यावर पुढे एपिलेप्सी होऊच नये, यासाठी सिद्ध झालेलं औषध अजून एकही नाही. खरं काम इथे पडलंय.

त्यासाठी क्रॉनिक मॉडेल, म्हणजे कायमची एपिलेप्सी झालेला प्राणी, लागतो, आणि ते काम चिवट आहे. कायनेट किंवा पायलोकार्पीन ही रसायनं देऊन लांबलेली फिट आणायची. मग काही दिवस, कधी काही आठवडे प्राणी वरून ठणठणीत. नंतर आपसूक फिट्स सुरू होतात. रात्रंदिवस व्हिडिओ-ईईजी (चित्रीकरणासोबत मेंदूतल्या विजेची नोंद) चालू, आणि त्या ढिगातून फिट्स वेचत तू बसणार. काही प्राणी दगावतात, काहींचे इलेक्ट्रोड निघतात. हे झेपणार नसेल तर त्यात कमीपणा नाही, मेंदूच्या स्लाइसवर पॅच क्लॅम्प करणारी (एकेका पेशीतली वीज मोजणारी) लॅब शोध. इथे बॉनला विद्यापीठ रुग्णालयाचा मोठा एपिलेप्टोलॉजी विभाग आहे. शस्त्रक्रियेत काढलेला मेंदूचा भाग रुग्णाच्या संमतीने संशोधनाला मिळतो, त्यामुळे उंदरात दिसलेली गोष्ट माणसाच्या पेशींत ताडून पाहता येते. मी इथे टिकून आहे ती यासाठी, ऱ्हाइनच्या काठासाठी नव्हे.

दुसरा प्रश्न अगदी रोखठोक विचार: प्राण्यांवरच्या प्रयोगाची परवानगी आधीच हातात आहे, की मी आल्यावर अर्ज करणार? त्या कागदांत महिने जातात आणि करार बहुतेक तीन वर्षांचाच असतो.

ओढा रुग्णांकडे असेल तर मात्र इकडे येऊच नकोस. मेंदूविकारांसाठीचं बंगळुरूचं निमहान्स आहे, तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा आहे. श्री चित्रात १९९५ पासून एपिलेप्सीच्या शस्त्रक्रिया होताहेत. टेपवर्मच्या अळीमुळे होणारा न्यूरोसिस्टिसर्कोसिस हे आपल्याकडे फिट्सचं नेहमीचं कारण. इथल्या डॉक्टरांना तो क्वचितच दिसतो.

पैशांचं म्हणशील तर जीवशास्त्राच्या बाजूला पीएचडीला बऱ्याचदा पूर्णवेळच्या ६५ टक्के पगाराचा करार मिळतो. एकट्याचं नीट भागतं, पण त्यातून वाशीच्या फ्लॅटचे हप्ते निघणार नाहीत. घरी तशी अपेक्षा असेल तर आईबाबांशी आत्ताच बोल. पुढचंही ऐकून ठेव: विद्यापीठात मुदतीच्या करारावर पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षं, असा कायदा आहे (वैद्यकशास्त्रात नंतरची नऊ). कायमच्या जागा मोजक्या, त्यामुळे बरेच जण शेवटी फार्मा कंपन्यांतच जातात.

तोवर कोपरखैरण्यात बसून करण्यासारखं एक काम सांगते. फिजिओनेट या वेबसाइटवर बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातले ईईजी फुकट आहेत. पायथन शिकून त्यांतल्या फिट्स ओळखणारा छोटा प्रोग्रॅम लिही. लॅबला पाठवायच्या मेलमध्ये गुणपत्रिकेपेक्षा तो जास्त बोलेल. जर्मन भाषा ए२ या प्राथमिक पातळीपर्यंत तरी कर. लॅबमध्ये इंग्रजी चालतं, अ‍ॅनिमल हाउसमधल्या काकांशी नाही.

करारावर सही होईपर्यंत सीआरओला नाही म्हणू नकोस. आणि मुलाखतीनंतर तिथल्या पीएचडीच्या मुलांशी, गाइड समोर नसताना, बोलायला मिळेल का ते विचार. टाळाटाळ झाली तर पुढच्या लॅबला मेल टाक.