डॉक्टरांचा संगणकावर जाणारा वेळ कमी कसा करावा?

तुमचा प्रश्न असा: रुग्णालयात ईएमआर (पेशंटच्या नोंदी ठेवणारी संगणक प्रणाली) बसवलं, प्रशिक्षणाची दोन सत्रं झाली, तरी डॉक्टर म्हणतात, ‘पेशंट बघू की टायपिंग करू?’ आता काय करावं?

तिसरं सत्र ठेवू नका. ओपीडी चालू असताना डॉक्टरांच्या शेजारी खुर्ची टाकून बसा आणि वही काढा. मी आधी वॉर्डात सिस्टर होते, आता रुग्णालयांना ईएमआर वापरायला मदत करते. वर्गातल्या प्रोजेक्टरवर कधीच न दिसलेल्या अडचणी मला ओपीडीतल्या त्या खुर्चीवरून दिसल्या. मधुमेहाचा जुना पेशंट येतो, औषधं तीच असतात, तरी प्रत्येक गोळी नव्याने शोधावी लागते. नावाची पहिली तीन अक्षरं टाकली की वीस कंपन्यांची यादी उघडते. सिस्टरने बीपी आणि वजन कागदावर लिहून दिलेलं असतं, तेच डॉक्टर पुन्हा भरतात. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) मागच्या वेळेपेक्षा वाढलंय का, एवढं बघायला तीन खिडक्या उघडाव्या लागतात.

यात डॉक्टरांचा आळस कुठे आहे? २०१६ मध्ये अमेरिकेत ५७ डॉक्टरांच्या कामाच्या दिवसाचं निरीक्षण करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पेशंटसमोरच्या प्रत्येक तासामागे जवळपास दोन तास संगणकीय नोंदी आणि टेबलावरच्या कामात जात होते. ही मंडळी संगणकाला सरावलेली होती. म्हणून डॉक्टरांना शिकवण्याआधी प्रणालीतलं नको ते काढून टाका, असं माझं ठाम मत आहे.

हवाई बेटांवरच्या ‘हवाई पॅसिफिक हेल्थ’ या संस्थेने २०१७ मध्ये नेमकं हेच केलं. नोंदींमधलं काय निरर्थक वाटतं ते सांगा, असं त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना विचारलं. परिचारिकांना दर तासाला राऊंड घेतल्याची नोंद म्हणून एक क्लिक करावं लागे. ती नोंद बंद केल्यावर त्यांच्या चार रुग्णालयांत मिळून परिचारिकांचे महिन्याला सुमारे १,७०० तास वाचले. एका क्लिकचे! तुमच्याकडेही तारांकित, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही अशा रकान्यांची यादी काढा आणि प्रत्येकापुढे लिहा, हे वाचतं कोण. कायदा, विमा किंवा एनएबीएचसाठी (रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणारी संस्था) लागतं ते राहू द्या. ज्याला वाचणारा कुणी सापडत नाही, ते व्हेंडरला, म्हणजे प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीला सांगून बंद करा.

मग मांडणीकडे वळा. प्रत्येक डॉक्टरच्या जुन्या प्रिस्क्रिप्शनमधून नेहमीची तीस-चाळीस औषधं निवडा आणि डोस, वेळा, दिवस यांसकट ‘फेव्हरिट’मध्ये भरून द्या. हे काम डॉक्टरांवर सोडलं तर कधीच होत नाही, तुम्हीच बसून करा. तापाच्या पेशंटच्या तपासण्या, सिझेरियननंतरच्या ऑर्डर्स यांचे संच त्या त्या विभागप्रमुखांकडून तपासून घ्या. बीपी, वजन, ॲलर्जी या नोंदी पेशंट आत जाण्याआधी सिस्टरच्या लॉगिनमधून व्हायला हव्यात. पण त्यासाठी बाहेरच्या टेबलावर संगणक हवा, तो आधी मिळवा. निदानाचे कोड शोधण्यात वेळ जात असेल तर व्हेंडरला स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञांच्या आंतरराष्ट्रीय कोश-प्रणालीबद्दल विचारा. ती चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा भारत सदस्य देश असल्यामुळे ही शब्दसंपदा इथे वापरायला परवाना शुल्क पडत नाही आणि तिचं देशातलं काम पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेतून चालतं.

डिस्चार्ज कार्डावर मात्र जास्त वेळ खर्च करा. सगळ्यात जास्त वैताग तिथेच असतो. नातेवाईक बिलासाठी ताटकळतात, विमा कंपनीला कागद हवे असतात आणि रेसिडेंट डॉक्टर लॅबचे आकडे एकेक करून उतरवत बसतो. रिपोर्ट, ऑपरेशन नोट आणि चालू औषधं आपोआप खेचली जातील असा साचा करून घ्या. पण तपासणीचे निष्कर्ष आणि पुढचा सल्ला हे रकाने रिकामेच उघडू द्या. कालची नोंद जशीच्या तशी आज चिकटवली की कॅथेटर काढून दोन दिवस झाले तरी कागदावर तो असतोच, आणि पुढचा डॉक्टर त्यावर विश्वास ठेवतो. वेळ वाचवण्यासाठी ही सवलत देऊ नका. साहेबांच्या पासवर्डने इतरांनी नोंदी करण्याचंही तसंच. लॉगिनला वेळ लागतो म्हणून ते सुरू होतं, तेव्हा लॉगिन जलद करून घ्या.

एवढं झालं की मग शिकवा, पण एकेकट्याला, त्यांच्याच पेशंटच्या नोंदींवर आणि ओपीडी संपल्यावर. ज्येष्ठ सर ऐकत नसतील तर त्यांच्याच विभागातला एखादा तरुण सहकारी तयार करा. बाहेरच्या माणसापेक्षा त्याचं ते मनावर घेतात.

सुरुवात करण्याआधी व्हेंडरकडून एक अहवाल मागून ठेवा: कोणत्या डॉक्टरच्या किती नोंदी ड्युटी संपल्यानंतर होतात. प्रणालीच्या लॉगमध्ये प्रत्येक नोंदीची वेळ असते. तीन महिन्यांनी तोच अहवाल पुन्हा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून व्यवस्थापनाला दाखवा. बाहेरच्या टेबलावरचा तो संगणक मंजूर करून घ्यायलाही हेच आकडे उपयोगी पडतात.