‘नकारात्मक प्रतिसाद’ म्हणजे शिव्या नव्हेत

कोपरखैरण्याच्या एका वाचकांचा प्रश्न : ‘नकारात्मक प्रतिसादामुळे वर्तन स्थिर राहते’ असं वाक्य एका लेखात वाचलं. म्हणजे बोलणी खाऊन माणूस ताळ्यावर येतो, असं म्हणायचंय का? आणि फीडबॅकला प्रतिसाद म्हणावं का?

बोलण्यांचा इथे काही संबंध नाही. मूळ शब्द ‘निगेटिव्ह फीडबॅक’. अनुवादकाने तो हॉटेलच्या अभिप्रायवहीतल्या अर्थाने घेतला. इंजिनिअरच्या भाषेत निगेटिव्ह म्हणजे उलट दिशेचं : जास्त झालं तर कमी कर, कमी पडलं तर वाढव. ‘प्रतिसाद’ही बसत नाही. हाकेला ओ दिली की प्रतिसाद संपला. फीडबॅकमध्ये परिणाम बघायचा, दुरुस्ती करायची, पुन्हा परिणाम बघायचा; हा फेरा संपतच नाही. ‘पुनर्भरण’ भूजलवाल्यांनी आधीच घेतलाय. बी.एड.च्या पुस्तकांतला ‘प्रत्याभरण’ चालेल, पण वर्गाबाहेर तो कुणी बोलत नाही. मी सरळ ‘फीडबॅक’ लिहितो.

पण त्या वाक्यात शब्दापेक्षा मोठी चूक आहे. वर्तनाचा अभ्यास करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ विल्यम पॉवर्स यांनी १९७३ साली मांडलं ते असं, की माणूस आपली हालचाल स्थिर ठेवत नाही. त्याला जे जाणवतं ते हवं तसं ठेवतो. वाशीच्या खाडीपुलावर स्कूटर चालवून बघा. खाडीचा वारा ढकलतो, शेजारून बस जाते, हात सारखे कमीजास्त वळतात. रस्त्यावरच्या पट्ट्यापासूनचं दिसणारं अंतर मात्र तेवढंच. हात स्थिर धरले तर गेलात कठड्याला!

पॉवर्स दोन रबरबँडचा खेळ दाखवत. ते एकमेकांत अडकवून गाठ करायची, एक टोक तुमच्या बोटात, दुसरं मित्राच्या. गाठ कागदावरच्या ठिपक्यावर धरायचं काम तुमचं. मित्र हळूहळू बोट हलवतो, तुमचं बोट उलट दिशेला जातं. बघणाऱ्याला वाटतं, मित्राच्या हालचालीला तुम्ही प्रतिसाद देताय. तुम्ही तर फक्त गाठ बघताय. मित्राने भराभर झटके दिले, की नजर आणि हात मागे पडतात आणि गाठ ठिपक्याच्या अल्याडपल्याड नाचू लागते.

यासाठी ‘नियंत्रण’पेक्षा आपलं ‘सांभाळणं’ मला जवळचं वाटतं. तोल सांभाळतो म्हणतो आपण, पाय सांभाळतो असं नाही. तेव्हा ते वाक्य मी असं लिहीन : ‘फरक दिसेल तशी उलट दुरुस्ती होत राहते, म्हणून जाणवणारी गोष्ट जागच्या जागी सांभाळली जाते, वर्तन सतत बदलत असतं.’