यंदाचा नाताळ तुझ्या हातचा

प्रिय पोरा,

तुझा निरोप मिळाला. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नोव्हेंबरात आहे. म्हणजे नाताळपर्यंत ती काठी घेऊन घरात फिरेल, पण शेगडीपुढे तास न् तास उभी राहू शकणार नाही. पंचवीस तारखेचं जेवण या वेळी तू करणार म्हणतोस, आणि पुढे असंही लिहितोस की सदतीस वर्षांचा झालो तरी नाताळचं जेवण एकदाही केलेलं नाही, याची लाज वाटते.

लाज बाजूला ठेव. आपल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती गावठाणात तुझ्या वयाची आणि तुझ्याहून मोठी कितीतरी माणसं अशी आहेत. त्यात बायकाही आहेत. स्वतःची मुलं कॉलेजात गेली तरी लेकीसुना नाताळला आईकडे नाहीतर सासूकडे जातात, कांदे चिरतात, लसूण सोलतात, ताटं मांडतात. जेवण मात्र तीच एक बाई करते. यात आळस नाही. मुंबईतलं स्वयंपाकघर दोन माणसं उभी राहिली की भरतं. शेगडीला दोन नाहीतर तीन बर्नर. वर्षातून एकदा होणारा, पंधरा माणसांचा, महागड्या मटणाचा स्वयंपाक, त्यात नवख्या हाताला जागा कोण देणार? जिचा हात बसलाय तीच करते, आणि दर वर्षी तिचा हात आणखी बसत जातो. मग एखाद्या वर्षी तिला उभं राहवत नाही आणि घर जेवण बाहेरून मागवतं. पुढच्या वर्षीही मागवतं. मग त्या घरात ते जेवण पुन्हा शिजत नाही. हे मी फार घरांत पाहिलंय आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून तुला एवढं लांबलचक लिहितेय.

तुला काहीच येत नाही, हे मात्र मला मान्य नाही. आईच्या शेजारी बसून तू फुग्यांचं, म्हणजे तेलात तळायच्या त्या मैद्याच्या गोळ्यांचं, पीठ फेटलंयस, मटण चिरून दिलंयस, बाजारातून बरोबर तीच व्हिनेगरची बाटली आणलीयस. तुला येत नाही ते वेगळंच आहे. मदत करणारा माणूस हातातलं काम संपवतो आणि मोकळा होतो. जेवण करणाऱ्याच्या डोक्यात सगळं एकदम चालू असतं. माणसं किती, कोणाला काय चालत नाही, मोठं पातेलं कधी रिकामं होणार, फ्रीजमध्ये जागा आहे का, मीठ आत्ता घालायचं की मटणाचं पाणी आटल्यावर. तुझ्या आईने यातलं काही लिहून ठेवलेलं नाही, कारण तिला ते वेगळं काम वाटतच नाही. तिच्याकडून घ्यायचं आहे ते हे. कृती काय, कुठेही मिळते.

म्हणून ऑपरेशनच्या आधीचा एक रविवार धर आणि तिच्यादेखत सोरपोटेल, आपलं डुकराचं आंबट-तिखट मटण, कर. लहानसं, एक किलोचं. ती खुर्चीत बसेल आणि करशील तू. ती उठू पाहील, ‘दे इकडे’ म्हणत डाव मागेल. देऊ नकोस. प्रेमाने पुन्हा खुर्चीत बसव आणि ‘आता काय करू?’ एवढंच विचार. ती ‘अंदाजाने घाल’ म्हणेल तेव्हा वजनकाट्यावर वाटी ठेव, तिच्याच हाताने मीठ, मसाला त्या वाटीत घालून घे, आकडा लिही आणि मग पातेल्यात टाक. आईची मूठ किती ग्रॅमची, हे एकदा तुझ्या वहीत आलं की निम्मी भीती जाईल.

सोरपोटेलबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुमच्या घरचा नाताळ त्यावर उभा आहे. मटण चरबीसकट घ्यायचं, त्यात काळीज आणि हृदय. दोन किलोला काळीज तीनशे ग्रॅमच्या वर नको, नाहीतर कडवट लागतं. मोठे तुकडे मीठ घालून अर्धवट उकडायचे, पूर्ण गार होऊ द्यायचे आणि मगच बारीक चिरायचे. गरम मटण चिरायला जाशील तर चुरा होईल. हे चिरणं कंटाळवाणं आहे, पण सगळे तुकडे एकसारखे बारीक झाले तरच मसाला आतपर्यंत जातो. चिरलेलं मटण त्याच्याच चरबीत परतायचं, तेल वेगळं लागत नाही. मिरची, जिरं, मिरी, दालचिनी, लवंग, आलं, लसूण हे सगळं व्हिनेगरमध्ये वाटायचं, पाण्यात अजिबात नाही. उकडलेलं पाणी फेकू नकोस, रस्सा त्याचाच. वर चमचाभर बॉटल मसाला, आपला वर्षाचा घरचा मसाला, घालायचा, कारण तुझी आई घालते. शेजारची घालत नसेल, तो तिच्या घरचा प्रश्न.

हे सगळं बावीस तारखेला व्हायला हवं. पंचवीसला केलेलं सोरपोटेल त्याच दिवशी खाल्लं तर आंबटपणा एकीकडे आणि तिखट दुसरीकडे लागतं. दोन-तीन दिवसांनी ते एक होतं. वसई १७३९ साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतली, पण त्यांची डुकराचं मटण व्हिनेगरमध्ये मुरवायची रीत आपल्या घरांतून गेली नाही. फ्रीज नव्हते तेव्हा व्हिनेगरच्या जोरावर आणि रोज एकदा खळखळून उकळून बायका ते टिकवत. तू गार झालं की फ्रीजमध्ये ठेव आणि वाढायच्या दिवशी नीट उकळी येईपर्यंत गरम कर. मुंबईचा डिसेंबर रात्री थोडा गार वाटला तरी दुपारी तीस अंशांच्या आसपास असतो, ओट्यावर रात्रभर काही उघडं ठेवायचं नाही.

बॉटल मसाला घरात आहे ना, ते आजच बघ. एप्रिल-मेच्या उन्हात वाळवून, भाजून, कांडून, बिअरच्या गडद बाटल्यांत दाबून भरलेला तो मसाला वर्षभर पुरवायचा असतो आणि डिसेंबरपर्यंत बाटल्या तळाला येतात. त्यात मिरच्यांबरोबर तीळ, खसखस, गहू, हरभरे असं पुष्कळ काही असतं, म्हणून तो रस्सा दाटही करतो आणि तापलेल्या तेलात पटकन करपतोही. आधी कांदा, मग आच मंद, मग मसाला, आणि लगेच पाण्याचा हबका. कमी पडला तर माझ्याकडून ने. बाजारातला आणू नकोस. तो वाईट असतो असं नाही, पण तुमच्या घरची चव त्यात नसते आणि हे जेवण त्या चवीसाठीच आहे.

आता वेळेचं. जेवण एक वाजता, तर एकपासून मागे मोजत ये. साडेबारानंतर शेगडीवर फक्त गरम करायच्या वस्तू असाव्यात. साडेअकरा ते साडेबारा एक बर्नर फुग्यांचा, तो दुसऱ्या कशालाही द्यायचा नाही. बदकाची मोयली, म्हणजे बटाटे घातलेला बदकाचा रस्सा, चोवीसच्या दुपारीच शिजवून ठेव. बदक गोठलेलं मिळालं तर बावीसच्या रात्रीच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवून ठेव, दोन किलोच्या बदकाला सुटायला पूर्ण दिवस लागतो. बटाटे मात्र मोयलीत शेवटी घाल, नाहीतर दुसऱ्या दिवशी गरम करताना विरघळतील. चोवीसच्या रात्री चर्चमध्ये मिस्सेला जायचंच आहे, तेव्हा त्या संध्याकाळी हातात काहीही नवीन घेऊ नकोस. परत आल्यावर केक कापा, थोडी वाईन घ्या आणि झोपा. रात्री दोन वाजता कांदा चिरणारा माणूस पंचवीसला सगळ्यांवर चिडतो, आणि तुझ्या घरात ते व्हायला नको.

वीस तारखेला फ्रीज रिकामा कर. भरलेला जादा सिलिंडर घरात आहे का ते त्याच दिवशी बघ, त्या आठवड्यात ऐन वेळी मिळेल याची खात्री नसते. मटणवाल्याला दहा तारखेलाच सांगून ठेव. मालाडच्या ऑर्लेमला काय नि बांद्र्याच्या बाजारात काय, तेवीस-चोवीसला रांगेत उभं राहून उरलेलं मटण मिळतं आणि काळीज तर मिळतच नाही.

फुग्यांना घाबरू नकोस. एक किलो मैदा, दोन-तीन अंडी, एका नारळाचं दूध, यीस्ट, थोडी साखर, मीठ. पूर्वी ताडीवर पीठ फुगवायचे, आता ताजी ताडी कुठून आणणार? पीठ पोळीच्या कणकेसारखं घट्ट नको, हाताला चिकटून लोंबेल असं सैल हवं, आणि ते भरपूर फेटायचं. आपल्या हवेत दोन-अडीच तासांत वर येतं. डाव्या मुठीत पीठ घेऊन अंगठा आणि तर्जनीमधून गोळा वर दाबायचा, उजव्या हाताच्या ओल्या चमच्याने काढून तेलात सोडायचा. तेल फार तापलं तर वरून लाल आणि आत कच्चं राहतं. पहिले पाच-सहा वेडेवाकडे होतील, ते मुलांना खाऊ दे. फेटायचं काम मात्र आईला दे. बसून करता येतं, तिच्या हातांना काही झालेलं नाही, आणि सगळं घर कामाला लागलेलं असताना तिला नुसतं बघत बसवणं फार कठीण जाईल. पीठ तयार झालं की नाही, हे तिच्या बोटांना घड्याळापेक्षा जास्त कळतं.

कलकल, नेवऱ्या, मिल्क क्रीम, डेट रोल हा सगळा नाताळचा गोड फराळ विकत आण. आपल्या बायका घरोघरी करून विकतात, त्यांच्याकडूनच घे. रोस्ट मागवायचा असेल तर तोही मागव, त्यात कमीपणा नाही. केकची सुकी फळं मात्र याच आठवड्यात रममध्ये भिजत घाल. केक भाजायला गावठाणातल्या बेकरीवाल्याकडे ट्रे द्यायचे असतील तर त्याला आधी विचार. पहिल्या वर्षी सोरपोटेल, मोयली आणि फुगे एवढं घरचं झालं तरी माझ्या मते ते पूर्ण जेवण आहे.

यादी करताना चवीआधी माणसांचा विचार कर. तुझ्या मोठ्या काकांना डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय. खालच्या मजल्यावरची मंडळी डुकराचं खात नाहीत, त्यांच्यासाठी कोंबडी वेगळ्या भांड्यात आणि वेगळ्या डावाने. समोरच्या शाकाहारी घरी फराळाचं ताट जातं, त्यात अंड्याशिवायचे पदार्थ कोणते, ते आईला माहीत आहे. ही माहिती तिच्याखेरीज कोणाकडेच नाही. विचार आणि वहीत उतरव.

जेवताना कोणीतरी म्हणेलच, ‘तुझ्या आईसारखं नाही झालं.’ खरंच झालेलं नसेल. वाईट वाटून घेऊ नकोस, कमी काय आहे ते नेमकं विचार. आंबट कमी, तिखट जास्त, मटण मोठं चिरलंय, असं काहीतरी ठोस निघेल. काहीच निघालं नाही, तर त्यांना आईचा हात आठवतोय एवढंच समज, आणि आणखी दोन फुगे वाढ.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. पुढच्या वर्षी गुडघा बरा झालेला असेल आणि तुझी आई, मी तिला चाळीस वर्षं ओळखते, नोव्हेंबरातच स्वयंपाकघराचा ताबा घेईल. घेऊ दे, तिचा तो आनंद आहे. पण सोरपोटेल परत देऊ नकोस. ते तुझ्याकडेच राहू दे, बावीस तारीख तुझीच. बाकीचं तिने करावं, तू हाताखाली राहावं, आणि दर वर्षी एकेक पदार्थ मागून घ्यावा. तुझ्या बहिणीलाही एक मागून घेऊ दे. ती नाताळला दोन दिवस आधी येऊ शकते का, ते विचार. मोयली तिने धरली तर तुझा चोवीसचा दिवस हलका होईल.

या रविवारी आईजवळ बसून माणसांची यादी कर आणि संध्याकाळी मला फोन कर. मटण दोन किलो की तीन, हे यादी पाहून ठरवू. येताना दोन रिकाम्या बाटल्या घेऊन ये, मसाला भरून देते.

तुझी,
मरोळची आंटी